नोटिशीने घर रिकामे होत नाही

प्रश्न : शुक्रवार पेठेतील एका वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत आम्ही भाड्याने राहतो. पानशेतच्या पुरात सासऱ्यांचे घर गेले, तेव्हा १९६१ साली त्यांनी ही जागा घेतली. पुढे पावत्या माझ्या यजमानांच्या नावाने होऊ लागल्या. भाडे महिना ११० रुपये आहे. यजमान गेल्या वर्षी जूनमध्ये वारले आणि तेव्हापासून मालक भाडे घेत नाहीत. 'तुमच्या नावावर जागा नाही' असे म्हणतात. जुने मालक घरच्यासारखे होते. आता त्यांचे पुतणे व्यवहार पाहतात आणि त्यांनी वाडा एका बिल्डरला विकसनासाठी दिला आहे. या महिन्यात त्यांच्या वकिलांची नोटीस आली : भाडेकरू मयत झाल्याने भाडेहक्क संपला आहे, भाडे थकले आहे, मालकांच्या मुलीला दवाखान्यासाठी जागा हवी आहे, वाडा धोकादायक असून पाडायचा आहे, तरी तीस दिवसांत जागा खाली करून द्यावी. मागची भिंत खरोखरच फुगली आहे आणि जिन्याला टेकू लावला आहे. चौकातील नळाचे पाणी पंधरा दिवसांपासून बंद आहे. बिल्डर म्हणतात, आठ लाख घ्या, नाहीतर सध्या अकरा महिन्यांचा करार करा, मग नव्या इमारतीत जागा देऊ. माझा मुलगा पिंपळे सौदागरला राहतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मी अधूनमधून त्याच्याकडे जाते. त्याला वाटते, मी पैसे घेऊन मोकळी व्हावे. शेजारी म्हणतात, म्हाडा घर देईल. रविवारी बिल्डरने सर्व भाडेकरूंना बैठकीला बोलावले आहे. मी काय करावे?
– एक भाडेकरू, पुणे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तीस दिवसांच्या मुदतीची धास्ती आधी मनातून काढून टाका. वकिलाची नोटीस म्हणजे मालकाचे म्हणणे असते, तो कोणाचा हुकूम नसतो. आपल्यासारख्या जुन्या भाडेकरूला ३१ मार्च २००० पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा संरक्षण देतो, आणि त्यानुसार भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला आहे. मालकाला जागा हवी असेल तर त्याने शिवाजीनगरच्या लघुवाद न्यायालयात दावा दाखल करायचा, कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण पुराव्याने सिद्ध करायचे आणि हुकूमनामा मिळवायचा, हाच मार्ग आहे. तो हुकूमनामा झाला तरी त्यावर अपील करता येते. तीस दिवस संपले म्हणून एकतिसाव्या दिवशी कोणी येऊन आपले सामान चौकात ठेवू शकत नाही, आणि तसे कोणी केलेच, तर केवळ ताबा बेकायदा काढून घेतला एवढ्या एकाच मुद्द्यावर, मालकी कोणाची या वादात न शिरता, सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवण्याची तरतूद विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ मध्ये आहे.

मात्र धास्ती नको याचा अर्थ नोटीस कपाटात ठेवून द्यावी असा नाही. माझ्या अनुभवात भाडेकरूंचे सर्वाधिक नुकसान दोन गोष्टींनी होते : नोटिशीला उत्तर न देणे आणि तोंडी आश्वासनावर किल्ली देऊन मोकळे होणे. आपल्या हातून यांपैकी काहीही अजून घडलेले नाही, म्हणून वेळेवर लिहिलेत याचे मला समाधान वाटते.

'तुमच्या नावावर जागा नाही' या वाक्याने आपल्याला सर्वांत जास्त हादरवले आहे असे पत्रावरून दिसते, आणि नेमके तेच वाक्य कायद्यापुढे टिकणारे नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ७ मध्ये भाडेकरू कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. राहण्यासाठी घेतलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेली कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. त्यासाठी मालकाची मेहरबानी लागत नाही, पावतीवर नाव चढलेले असावे लागत नाही, मृत्युपत्रही लागत नाही. आपण यजमानांसोबत तेथे राहत होता हे दाखवता आले पाहिजे, एवढेच. शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव, गॅसचे पुस्तक, आधार कार्डावरील पत्ता, यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नोंदलेला राहण्याचा पत्ता आणि आजवरची विजेची बिले ही सगळी कागदपत्रे आजच एका पिशवीत एकत्र करा. सासऱ्यांच्या वेळच्या भाडेपावत्या सापडल्या तर त्या सोन्यासारख्या जपा, कारण तिकीट लावून सही केलेल्या त्या चिठोऱ्यांनीच आपल्या कुटुंबाचा तेथील ताबा १९६१ पर्यंत मागे नेता येतो. मूळ पावत्या कोणाच्याही हाती देऊ नका, छायाप्रती द्या.

थकलेल्या भाड्याचा मुद्दा मात्र हलका समजू नका. पैसे देण्याची आपली तयारी असताना मालकानेच घेतले नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, पण न्यायालयाला ते कागदावरून कळावे लागते. भाडेकरू भाडे देत आहे किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला सामान्यतः काढता येत नाही, असे कलम १५ सांगते. थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा असेल तर लेखी मागणीची नोटीस भाडेकरूच्या हाती पडल्यापासून नव्वद दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणजे नोटिशीत तीस दिवस लिहिले असले तरी थकबाकीपुरती आपली मुदत नव्वद दिवसांची आहे. ती मोजता यावी म्हणून नोटिशीचे पाकीट टाकून देऊ नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हा आपला पुरावा आहे, आणि पाकीट हाती आले ती तारीख त्यावरच पेनने लिहून ठेवा.

या नव्वद दिवसांची वाट न पाहता, गेल्या जूनपासूनचे सर्व भाडे एकरकमी मालकांना मनीऑर्डरने पाठवा. त्यांच्या बँक खात्याचा क्रमांक पूर्वीच्या व्यवहारातून आपल्याकडे असेल, तर खात्यावर भरा आणि भरणा झाल्याची नोंद छापून घ्या. मनीऑर्डर त्यांनी नाकारली तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत येईल. तो शेरा असलेला कागद पावतीइतकाच मोलाचा आहे. त्यानंतर दर महिन्याला हेच करत राहा, कंटाळू नका. भाडे घेतल्यावर पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे (कलम ३१), तेव्हा प्रत्येक वेळी पावती मागा. एवढे करूनही दावा दाखल झालाच, तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सर्व थकबाकी, तीवर दरसाल पंधरा टक्के सरळव्याज यासह न्यायालयात भरली, पुढील भाडे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिले आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. येथे मुदतीकडे न्यायालये फार काटेकोरपणे पाहतात. ११० रुपये महिन्याच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळ आहे. तिच्यापायी राहते घर धोक्यात घालू नये. दरवर्षी चार टक्के भाडेवाढ मागण्याचा मालकाला कायद्याने हक्क आहे. तशी मागणी त्यांनी केली तर ती वाढही बिनतक्रार द्या.

दवाखान्यासाठी जागा हवी असल्याचे कारण मला फारसे बळकट वाटत नाही. मालकाची प्रामाणिक आणि वाजवी गरज हे ताबा मागण्याचे मान्य कारण आहे, पण ती गरज सिद्ध झाली तरी जागा न मिळाल्याने मालकाला अधिक त्रास होईल की जागा गेल्याने भाडेकरूला, हे न्यायालयाला तोलून पाहावे लागते. शिवाय एकाच नोटिशीत जो वाडा पाडायचा आहे असे म्हटले आहे, त्याच वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना कसा काढणार, हे आपल्या उत्तरात शांतपणे विचारले गेले पाहिजे. पाडून नवीन बांधण्यासाठी ताबा मागायचा तर तेही सोपे नाही : पुरेसा पैसा हाताशी आहे, नकाशे तयार आहेत आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना सामावून घेतले जाईल, याविषयी न्यायालयाची खात्री पटवावी लागते.

आता मुलाकडे जाण्याविषयी. वाजवी कारणाशिवाय, दाव्याच्या लगतपूर्वी सलग सहा महिने जागा वापरात नसणे हेही ताबा मागण्याचे एक कारण आहे, आणि पेठांमधील जुन्या भाडेकरूंविरुद्ध ते वारंवार वापरले जाते. आठ-पंधरा दिवस मुलाकडे राहिल्याने काही बिघडत नाही. दुखण्यासाठी जाणे हे वाजवी कारणच आहे, त्याची डॉक्टरांची कागदपत्रे ठेवा. पण सामान हलवून, कुलूप लावून महिनोन्महिने जाऊ नका. न्यायालयात अशा वेळी विजेच्या बिलावरचे युनिट पाहिले जातात. सहा महिने युनिट शून्याच्या आसपास असतील तर 'मी तेथेच राहते' हे सांगणे अवघड होते. मुलाचा फ्लॅट मुलाचा आहे. तो असल्यामुळे आपला भाडेहक्क आपोआप संपत नाही.

नळाचे पाणी तोडणे हा प्रकार मात्र मला अतिशय चीड आणणारा वाटतो. साठी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला टेकू दिलेल्या जिन्यावरून हंडे चढवायला लावणे ही माणुसकीला सोडून केलेली गोष्ट आहे, आणि ती बेकायदाही आहे. पाणी, वीज, जिन्यातील दिवा, सफाई या अत्यावश्यक सेवा मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता किंवा अडवून धरता येत नाहीत, असे कलम २९ सांगते. तसे केल्यास तो गुन्हा आहे, आणि सेवा पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. यासाठी मूळ वाद सुटण्याची वाट पाहू नका. बंद नळाचा आणि तोडलेल्या जोडणीचा तारखेसह फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि वकिलांमार्फत न्यायालयात अर्ज करा. ताब्याच्या वादात पोलीस 'हे दिवाणी आहे' म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबर असते, पण सेवा तोडणे आणि दमदाटी करणे यांना ते उत्तर चालत नाही. कोणी दारात येऊन धमकावले तर ११२ वर फोन करा.

सर्वांत नाजूक गोष्ट भिंतीची आहे आणि तेथे मी आपल्याला निव्वळ हक्काच्या भाषेत सल्ला देणार नाही. पुण्यात पावसाळ्यात जुने वाडे कोसळतात. माणसे दगावली आहेत. वाडा धोकादायक आहे असे मालकाचे वकील म्हणतात, यावर विसंबू नका, पण भिंत फुगल्याचे आपल्याच डोळ्यांना दिसते आहे, तेव्हा तिकडे दुर्लक्षही करू नका. महापालिकेने नोटीस बजावली आहे का, वाड्याचे संरचनात्मक परीक्षण झाले आहे का आणि तो कोणत्या वर्गात टाकला आहे, याची चौकशी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा बांधकाम विभागात लेखी करा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामा करून पाडण्याजोगा. त्याखालच्या वर्गांत रिकामा करून किंवा न करताही दुरुस्ती होऊ शकते. वाड्यातल्या भाडेकरूंनी वर्गणी काढून स्वतःचा नोंदणीकृत संरचना अभियंता आणून अहवाल घ्यावा; मालकाच्या अभियंत्याचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे. जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हेही लेखी कळवा.

महापालिकेने सी-१ ची नोटीस दिलीच, तर ताई, हट्ट न करता बाहेर पडा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीवर कारवाई झाली तरी मालक आणि भाडेकरू यांच्या परस्परांमधील हक्कांना, पुन्हा जागेत येण्याच्या हक्कासह, बाधा येत नाही. इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण हा हक्क पुढे सांगता यावा यासाठी पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूचे नाव, मजला आणि चटईक्षेत्र (भिंतींच्या आतले क्षेत्रफळ) महापालिकेकडून मोजून लेखी घेतलेच पाहिजे. मापे घेताना स्वतः हजर राहा. स्वयंपाकघर, बाहेरची गॅलरी, पोटमाळा जे जे आपल्या वापरात आहे ते मोजले गेले का ते पाहा, खोल्यांचे फोटो आणि चित्रण करून ठेवा, आणि जागा 'महापालिकेच्या नोटिशीमुळे, भाडेहक्क राखून' सोडत आहोत असे मालकाला लेखी कळवूनच मुलाकडे जा. जीव वाचवण्यासाठी बाहेर पडणे आणि ताबा सोडून देणे यांतला फरक त्या एका पत्राने राहतो. शेजारी सांगतात ती म्हाडाची व्यवस्था मुंबई शहरातील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी आहे. पुण्याच्या वाड्यांना ती लागू नाही, तेव्हा त्या आशेवर बसू नका.

अकरा महिन्यांच्या करारावर कोणत्याही परिस्थितीत सही करू नका. तो लिव्ह अँड लायसन्सचा करार असणार. आज आपण संरक्षित भाडेकरू आहात. त्या कागदावर सही केल्यावर आपण परवानाधारक होता. परवान्याची मुदत संपली की भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन झटपट कारवाईने ताबा मागू शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्यास परवाना शुल्काच्या दुपटीने नुकसानभरपाई द्यावी लागते. साठ वर्षांहून अधिक काळचा हक्क एका सहीने घालवण्यासारखे ते होईल. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' असे जो म्हणतो, त्याला ती फॉर्मॅलिटी का हवी आहे, हे विचारा.

आठ लाखांविषयी मी हो किंवा नाही सांगणार नाही, कारण तो निर्णय आपल्या गुडघ्यांचा, एकटेपणाचा आणि मुलासोबतच्या नात्याचाही आहे. मुलाच्या काळजीत काही खोट नाही. पण निर्णय करण्याआधी हिशेब तरी समोर असू द्या. जागेचे चटईक्षेत्र मोजून घ्या, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या पेठेचा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर पाहा आणि दोन्हींचा गुणाकार करा. भाडेकरू म्हणून त्या सगळ्या रकमेवर आपला हक्क नाही, आपण मालक नाही हेही ध्यानात ठेवा, मात्र बोलणी कोठून सुरू करायची हे त्यावरून कळेल. दुसरे असे की, २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाची (एफएसआयची), म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची तरतूद आहे. म्हणजे बिल्डरच्या नफ्याच्या गणितात भाडेकरू ही वजाबाकीच असते असे नाही, तो जमेच्या बाजूलाही असतो, आणि हे त्याला पुरते माहीत असते.

पैसे न घेता नव्या इमारतीत जागा घ्यायची असेल, तर मालक, बिल्डर आणि आपण अशा तिघांमध्ये कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार झाला पाहिजे आणि तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवला पाहिजे. नोटरीचा शिक्का मारलेला कागद पुरेसा नाही. त्यात नव्या जागेचे चटईक्षेत्र, मजला, ती मालकीहक्काने मिळणार की भाड्याने, लिफ्ट, मधल्या काळाचे भाडे आणि ते दर महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार, सामान हलवण्याचा खर्च आणि बांधकाम पूर्ण करण्याची तारीख हे सर्व असावे. मधल्या काळाच्या भाड्यासाठी बँक हमी मागा, कारण भाडेकरूंची परवड बहुधा येथेच होते : सुरुवातीचे काही महिने भाडे येते, मग बिल्डरचा फोन लागत नाही. मंजूर नकाशावर आपली सदनिका दाखवली आहे हे पाहिल्याखेरीज आणि करार नोंदवल्याखेरीज ताबा देऊ नका.

या सगळ्यात मालकांची बाजू मला दिसत नाही असे समजू नका. ११० रुपये भाड्यात वाड्याची कौले बदलणेही होत नाही, आणि आपल्याच वास्तूत आपल्याला काही करता येत नाही ही त्यांची व्यथा खरी आहे. पुनर्विकास होणे आपल्याही हिताचे आहे. म्हणून नोटिशीचे उत्तर कठोर असू नये. भाडेहक्क, भाडे देण्याची तयारी, बंद पाण्याची तक्रार आणि पुनर्विकासाला रीतसर करारावर सहकार्य, एवढे त्यात स्पष्ट असले म्हणजे झाले. जुन्या मालकांशी असलेल्या जिव्हाळ्यापोटी हक्क मागायला संकोच वाटतो असे पत्राच्या ओळींमधून जाणवते. तो संकोच बाजूला ठेवा. कायद्याने दिलेले मागणे म्हणजे उपकार विसरणे नव्हे.

उत्तर वकिलांकडूनच द्या आणि ते पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. वकिलांच्या फीची चिंता असेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा; विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. समोरच्या बाजूने एकतर्फी मनाई हुकूम घेऊ नये म्हणून कॅव्हेट (आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा न्यायालयाला आधीच दिलेला अर्ज) दाखल करावे का, हेही त्यांनाच विचारा. त्याची मुदत नव्वद दिवसांची असते.

रविवारच्या बैठकीला जरूर जा, पण आधी शनिवारी वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंनी एकत्र बसा. एकेकट्याला गाठून निरनिराळ्या रकमा सांगितल्या जातात आणि जो पहिला फुटतो त्याच्या सहीचा दाखला इतरांना दिला जातो. बैठकीत शांतपणे ऐका, बिल्डरला त्याचा प्रस्ताव लेखी द्यायला सांगा आणि मालकांसोबतच्या विकसन कराराची प्रत मागा. उपस्थितीच्या नावाखाली कोरा किंवा अर्धवट लिहिलेला कागद पुढे आला तर सही करू नका; 'मसुदा द्या, वकिलांना दाखवून कळवतो' एवढेच सर्वांनी एका सुरात सांगा.